डावी वीज

माझ्या मुलाच्या, आरेनच्या वाढदिवसाला दरवर्षी तमादा असतात शेजारचे वाहरामदादा. तमादा म्हणजे पंक्तीचा मुखत्यार. पेला कधी उचलायचा, कोणाच्या नावानं, ते त्यानंच सांगायचं. देशातल्या एकुलत्या एक, मेत्सामोरच्या अणुभट्टीत दादांनी तीस वर्षं काढली, त्यामुळे आमच्या इमारतीत त्यांच्या शब्दाला मान आहे. यंदा मात्र घास घशातच अडकायची वेळ आली.

आरेन सरकारच्या एका समितीत आहे. सोमवारी तिथे त्याला मत द्यायचं होतं: भट्टी चालू ठेवायची की बंद करायची.

"बंद करा म्हणणार मी," मांस लवाशच्या पातळ रोटीत गुंडाळत तो म्हणाला. "गॅस रशियाचा, अणुइंधनही रशियाचंच. उद्या त्यांनी नाक दाबलं की बसा बोंबलत! भट्टी बंद केली तरच दुसरी सोय शोधाल."

"आणि बंद करून चुलीत काय तुझी पदवी घालू?" वाहरामदादा कडाडले. "भूकंपानंतर केली होती ना बंद! पुढे युद्धात गॅसही गेला. दिवसात एक तास वीज. तुला काय कळणार, तू दुपट्यात होतास."

"काका, तुम्ही अजून त्या अंधाराला भ्यालेले आहात."

मी आरेनला डोळ्यांनी दटावलं. सातव्या महिन्यात जन्मलेलं हे पोर त्या हिवाळ्यात जगलं ते दादांमुळे. पावाच्या कारखान्याची लाइन कधी जात नसे. तिच्यावर आकडा टाकून लोक वीज घेत. चोरीची, म्हणून तिला आम्ही डावी वीज म्हणायचो. दादा म्हणाले होते, माझ्याकडे अशा दोन तारा आहेत. त्यातली एक त्यांनी खिडकीतून आमच्या हीटरला दिली होती.

"भ्यालेला?" दादा उठलेच. "एक तार होती माझ्याकडे, एक! ती काढून तुला..." आणि त्यांनी जीभ चावली.

"एक?" मी हातातली थाळी खाली ठेवली. "तुम्ही तर दोन आहेत म्हणाला होतात."

"खोटं बोललो, अर्पिने. नाहीतर तू घेतली असतीस?"

"मग तुमची आई?"

पलंगाला खिळलेली वार्दानुशमाई त्याच हिवाळ्याच्या शेवटी, मार्चमध्ये गेली. वय झालं होतं म्हणून गेली, असंच मी धरून चालले होते.

"तिनंच तार काढायला लावली. म्हणाली, मी माझ्या वाट्याचं ऊन खाल्लंय, आता त्या मुठीएवढ्याला खाऊ दे."

आरेन उठला आणि दादांच्या खुर्चीपाशी खाली बसला.

"काका, एकाच देशावर विसंबायचं नाही, हे मी सोमवारीही म्हणणार."

"म्हण की! मी कुठे नको म्हणतो?"

"पण दुसरीकडचं इंधन दारात येईपर्यंत भट्टीला हात लावू देणार नाही."

"तुझी पीडा मला लागो," दादा डोळे पुसत म्हणाले. "एवढी अक्कल यायला बत्तीस वर्षं लागली होय रे!"

गेलेल्यांच्या नावानं पिताना आम्ही पेल्याला पेला लावत नाही. तमादांना न विचारताच मी माझा पेला उचलून उभी राहिले. इतकी वर्षं वाहरामदादांचे आभार मानत आले, आणि जिचे मानायचे तिच्या कबरीवर एक फूलही नेलं नव्हतं.

"वार्दानुशमाई," मी म्हणाले, "माझं पोर तुमच्या उबेवर जगलं."