पिंट्याचा कागद

नसबंदी झाल्याशिवाय आमच्या चंदनसारच्या निवाऱ्यातून एकही कुत्रा दत्तक जात नाही. हा नियम मीच भांडून करून घेतला होता. नसबंदी नंतर करून घेतो या विश्वासावर दिलेल्या एका कुत्रीची सहा पिल्लं कुणीतरी गोणीत बांधून आमच्या फाटकाशी टाकली, त्या दिवसापासून मी कुणाचं ऐकेनाशी झाले.

हरेश्वरकाका वटारहून पिंट्याला शोधत आले. तेरा वर्षांचा म्हातारा कुत्रा, दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून पळालेला. कुणीतरी आमच्याकडे आणून सोडला, पंधरा दिवसांत मालक आला नाही, म्हणून तो संस्थेचा झाला. इथे तो अन्नाला तोंड लावत नव्हता. काकांच्या हातून मात्र अख्खा पुडा बिस्किटं खाल्ली आणि त्यांच्या पायावर डोकं टाकून पडला.

"तुमचाच आहे याचा काही कागद?" मी विचारलं.

"कुत्र्याचा कागद कोन काढतो, बाय?" त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत केळ्यांचा भलामोठा घड, आणि कडेला नुसती शेपटी. मला हसू आलं, आणि हसल्याचा रागही आला.

कागद नाही म्हणजे दत्तक. दत्तक म्हणजे नसबंदी. आणि डॉक्टर क्षितिजा म्हणाल्या, "हृदय कमजोर आहे. भूल झेपेल असं वाटत नाही." मी संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला, अक्षरशः गयावया केली.

"नियम तुझाच ना, स्वप्नाली?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

"करा आपरेशन," काका म्हणाले. "पिंजऱ्यात उपाशी मरन्यापरीस बरं. घरी बायको अजून त्याचं ताट वाढते."

मी फॉर्म पुढे सरकवला. तेव्हाच फाडायला हवा होता. नोकरी जाईल म्हणून फाडला नाही.

पिंट्या कुणाला हात लावू देईना. शेवटी काकांनीच त्याला उचलून टेबलावर ठेवलं. घरी न्यायला आलेत असं वाटून तो सुई टोचेपर्यंत शेपटी हलवत राहिला.

तो उठला नाही. डॉक्टर बराच वेळ त्याची छाती दाबत होत्या.

बाहेर बाकावर जाऊन मी काकांना सांगितलं. त्यांनी मग खांद्यावरचा टॉवेल काढून उलगडला आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "आता न्यायला कागद लागंल काय, बाय?"

"नाही काका," मी म्हटलं. "आता काहीच लागत नाही."