वरच्या मजल्याची किल्ली

झिवोयिनच्या घरात मजले दोन आणि माणसंही दोन, पण दोघंही खालीच राहतात. वरचा मजला मुलाचा, रादिशाचा. रादिशा व्हिएन्नात फरश्या बसवतो आणि किल्ली त्याच्याच खिशात असते. आमच्या गावात असंच चालतं. मुलाचा मजला बाप बांधतो, कुलूप मुलगा लावतो आणि रिकाम्या खोल्या तापवायचा कोळसा पुन्हा बापाचाच.

सकाळी घर तापवणारा बॉयलर पेटला की वर जाणारा पाइप टकटक वाजतो. झिवोयिनची बायको, स्तामेंकावहिनी म्हणते, "रादिशा उठला वाटतं." चेष्टेनंच म्हणते, पण रोज म्हणते.

यंदा तिच्या छातीत पाणी झालं. खोली उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि नेमके तेव्हाच खोल्यांतले गरम पाण्याचे रेडिएटर गार पडू लागले. बॉयलरमध्ये कोळसा रसरसलेला, रेडिएटर मात्र तळाशी कोमट आणि वरून थंडगार.

गाव सल्ला द्यायला आलं. सल्ला फुकट असतो, फक्त देणाऱ्याला राकिया, म्हणजे घरची दारू, पाजावी लागते. एकानं धुराडं साफ करवलं, दुसऱ्यानं पंप खोलून होता तसा परत बसवला, तिसऱ्यानं कोळशाला शिव्या दिल्या. बाटली संपली तसा सल्लाही संपला. मी शेजारी, रोज येऊन रेडिएटरमधली हवा सोडायचो. फुस्स व्हायचं, ऊब यायची आणि सकाळी पुन्हा बॉयलरवरचा दाबाचा काटा खाली.

"पाणी कुठेतरी जातंय, झिवोयिन."

"कुठे जाणार? भिंती कोरड्या ठाक आहेत."

"खालच्या."

त्यानं व्हिएन्नाला फोन लावला.

"वरचं दार फोडू नका हं बाबा, इटालियन आहे," रादिशा म्हणाला. "सणाला येतोच आहे ना मी."

"गेल्या सणालाही येतच होतास."

"कामं असतात, बाबा."

आत वहिनी तीन गोधड्यांखाली उताणी पडली होती. तिची नजर होती तिकडे मीही पाहिलं. छताच्या कोपऱ्यात परातीएवढा ओला डाग होता.

"वहिनी, हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर यांनी दार फोडलं असतं. मग न यायला रादिशाला निमित्तच मिळालं असतं."

दारात उभ्या झिवोयिननं पहार उचलली आणि आम्ही वर गेलो. इटालियन दार दोन दणक्यांत उघडलं.

वरच्या झोपायच्या खोलीची खिडकी वाऱ्यानं उघडली होती. जाताना रादिशानं काटकसर म्हणून तिथल्या रेडिएटरचा वरचा व्हॉल्व्ह बंद केला होता, खालचा विसरला. आतलं पाणी गोठून रेडिएटर फुटला होता आणि फरशीवर बर्फ साचला होता.

"एवढंच ना," मी म्हटलं. "खालचा व्हॉल्व्ह बंद केला की झालं. बाकीचा मजला चालू राहील."

मी वाकून तो बंद केलाही. झिवोयिनचं लक्ष नव्हतं. पलंग, कपाट, खुर्च्या, सगळं अजून दुकानाच्या प्लास्टिकमध्ये होतं. भिंतीशी नातवासाठी घेतलेला पाळणा, तोही गुंडाळलेला. नातवाला आता मिशा फुटल्यात, व्हिएन्नात गाडी चालवतो.

"कुणासाठी चालू ठेवायचं?" तो म्हणाला.

खाली येऊन त्यानं बॉयलरजवळचा, सबंध वरच्या मजल्याचा मोठा व्हॉल्व्ह फिरवला, हाताला रग लागेपर्यंत. मग पाणी भरलं, हवा सोडली, कोळसा टाकला. थोड्या वेळानं वहिनीच्या उशाशी असलेल्या रेडिएटरला हात लाववेना. खिडकीवरचं दव ओघळलं. तिनं एक गोधडी सारली, मग दुसरी.

"तापला एकदाचा," झिवोयिन म्हणाला. "वरही छान तापलंय हं. अनवाणी फिरता येईल."

वहिनी छताकडे कान देऊन बराच वेळ पडून राहिली. पाइप वाजला नाही.

"हो का?" ती म्हणाली, आणि सारलेली गोधडी तिनं पुन्हा हनुवटीपर्यंत ओढून घेतली.