नदीत न्हालेलं चाक

मी एक जुनं बेअरिंग आहे, मित्रांनो. नाक मुरडू नका! जोतीरामच्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकात, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या पोटात मी कित्येक वर्षं फिरलो. पोलादाची कडी, भोवती रोलर आणि अंगभर ग्रीस, एवढाच माझा संसार. चाक फिरायचं माझ्या जिवावर, पण कौतुक व्हायचं इंजिनाचं. अहो, हॉर्नचंसुद्धा व्हायचं!

मला विचारायचे ते एकटे गुंडूमिस्त्री. शिरोली नाक्यावर त्यांचं गॅरेज. ब्रेकचा ड्रम उतरवून ते मला रॉकेलनं धुवायचे, तळहातावर ग्रीस घेऊन दाबून दाबून भरायचे. मग नट आवळून किंचित सैल सोडायचे आणि चाक हातानं फिरवून कान लावायचे. त्या हातांची मला अजून आठवण येते.

१९९६ सालची खंडेनवमी आली. सणाला गाडी थेट नदीत घालून धुवायची आमच्याकडची रीत. जोतीराम लांबचा फेरा मारून आला नि तसाच पंचगंगेकडं निघाला. वाटेत हवा भरायला गॅरेजवर थांबला. शेजारी त्याची बायको बायडाबाई बसली होती. मिस्त्रींनी हबवर हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला.

"जोतीराम, तापल्या चाकानं पाण्यात घालू नगंस. हब गार पडताना पाणी आत ओढतंय."

"मिस्त्री, सणाला लक्ष्मीला बादलीनं आंघोळ घालू व्हय? लोक हसतील की!"

"मग गगनबावड्याचा घाट उतरायच्या आधी हब उघडून ग्रीस बदल. ऐक माझं."

"सण झाल्यावर बघू," म्हणत जोतीरामनं गाडी काढली. पालथ्या घड्यावर पाणी!

नदीत शिरल्यावर हबच्या रबरी सीलच्या फटीतून पाणी माझ्यापर्यंत आलंच. ग्रीस ताकासारखं पांढरं झालं. बाहेर झेंडूच्या माळा, नारळ, गुलाल, आणि आत मी भिजून बसलेलो. फार राग आला मला.

दसरा झाल्याबरोबर साखरेची पोती भरून आम्ही कणकवलीला निघालो. तिथं लेकीचं डोहाळजेवण होतं, म्हणून बायडाबाई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन डाव्या बाजूला बसली होती. गगनबावडा मागं पडला आणि घाटाचा उतार लागला.

मी तापत चाललो होतो. घरघरत होतो, ओरडत होतो, पण इंजिनाच्या आवाजात ऐकणार कोण? पातळ झालेलं ग्रीस ब्रेकच्या लायनरवर, चाक धरणाऱ्या पट्टीवर, गळलं. जोतीरामनं ब्रेक दाबला की बाकीची चाकं धरायची, माझं नुसतं घसरायचं. गाडी एका अंगाला ओढायला लागली. मी फुटलो तर चाक निखळणार, आणि खाली दरी. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

"अवो, कसला वास येतोय?"

"घाटात लायनर तापतंयच. गप बस."

बायडाबाईनं बाहेरच्या आरशात पाहिलं आणि किंचाळली, "मागनं धूर निघतोय! थांबवा गाडी! मला लेकीकडं जायचंय, वर न्हाय!"

जोतीरामच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं गिअर खाली टाकला, ब्रेक दाबला. गाडी थांबेना. पुढं वळण होतं. एक रोलर कडकन तडकला. मी दात खाऊन उरलेल्यांवर भार पेलला. जोतीरामनं स्टिअरिंग डोंगराकडं फिरवलं आणि गाडी गटारात रुतून थांबली.

तो पाण्याचा कॅन घेऊन माझ्याकडं धावला. बायडाबाईनं त्याचा हात धरला.

"पाणी नगं! पाण्यानंच घात केलाय. मिस्त्री काय बोललं हुतं?"

जोतीराम रस्त्यावरच मटकन खाली बसला आणि रडला.

निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी मिस्त्री एसटीनं हत्यारं घेऊन आले. त्यांनी मला बाहेर काढलं. मी जळून निळा पडलो होतो. त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. माझ्या जागी नवं बेअरिंग बसलं. मी भंगारात जाणार, तोच बायडाबाईनं मला पदरात घेतलं, आणि डोहाळजेवणाला आम्ही वेळेत पोचलो.

मित्रांनो, तुमच्या सायकलीत, विहिरीच्या रहाटात, कुठंतरी माझा भाऊबंद फिरत असेल. तो कुरकुरला तर वेळीच तेल-ग्रीस घाला. धूर निघायची वाट बघू नका.

आता सणाला आधी हब उघडतात, नवं ग्रीस भरतात, मग बादलीनं गाडी धुतात. पाटावर नट आवळायचे पाने आणि हातोडा मांडतात, मधोमध मी. यंदा जोतीराम नारळ घेऊन बॉनेटकडं निघाला, तशी बायडाबाई म्हणाली, "थांबा. आधी ह्याला."

नात साक्षीनं कुंकवाचं बोट मला लावलं आणि विचारलं, "आज्जी, ह्या मोडक्याला का गं?"

"तुझ्या आईच्या डोहाळजेवणाला ह्यानं आमाला पोचवलं, बाळा."