गवताला बकरीचं नाव

बिओनची जीभ हासडावी, एवढंच माझ्या मनात होतं. मेला इजिप्तच्या नदीतलं गवत चेचून केलेल्या लिहायच्या गुंडाळ्या विकायचा आणि आमच्या मिलेतस शहराच्या भर बाजारात ओरडायचा, "दिफ्थेरा घ्या, दिफ्थेरा!" अरे, दिफ्थेरा म्हणजे कातडं. लिहिण्यासाठी खरवडून, घासून मऊ केलेलं बकरीचं कातडं. माझ्या सासऱ्यानं तेच केलं, नवऱ्यानं तेच, आणि तो गेल्यावर राखेच्या पाण्यात हात सोलून घेत मीही तेच करते. गवत आधीच स्वस्त. त्यात नावही त्यालाच मिळालं, तर माझ्या दाराशी कोण फिरकणार?

तणतणत बाजारावरच्या अधिकाऱ्याकडे गेले. त्याला म्हटलं, गवतानं गवतासारखं राहावं, माझं नाव मला परत द्यावं. त्याला पटलं. बिओनला बोलावून चार लोकांदेखत दटावलं, आणि निकाल लिहायला त्याच्याकडेच हात पुढे करून म्हणाला, "दे रे एक दिफ्थेरा."

सगळा बाजार खो खो हसला. अधिकारी ओशाळला, पण निकालाचा विचका झाला तो झालाच. तसं म्हणायची सवयच पडली होती गावाला. मला तर रडू आवरेना.

गर्दीत सार्दिसच्या सुभेदाराचा पर्शियन कारकून होता, मिथ्रबाद. त्यानं बिओनची एक गुंडाळी उचलली, त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे घडी घालून बुटात खोचली आणि घोड्यावर टांग टाकली. गवताचे कडाकड तुकडे झाले. तो उतरला आणि थेट माझ्याकडे आला.

"बाई, राजाचा हुकूम बुटातून जातो. तुझ्याकडची सगळी कातडी बांध."

वर हेही म्हणाला की बसून लिहायला गवत ठीक आहे, तेही नेतो. पण सार्दिसला दोन्हींना दिफ्थेराच म्हणतात, आणि हल्ली तर लिखाण ठेवायच्या खोलीलाही. थेट राजाच्या राजधानीपर्यंत, सूसापर्यंत पोचलंय म्हणे ते नाव.

माझे डोळे कोरडे झाले. सूसा मी कधी पाहणार नाही, पण माझी बकरी तिथे जाऊन बसली होती.

बिओन खाली मान घालून विचारत होता, "हेदिस्तेवहिनी, उद्यापासून मी काय ओरडू?"

"दिफ्थेराच ओरड," मी म्हटलं. "जन्मभर माझ्या बकरीचं नाव घेऊन पोट भर."