वादळात चालण्याची रीत

चौतीस सालच्या वैशाखात सोलापूरचे बोलणेच बदलून गेले. सलग चार दिवस सकाळी भुरभूर आणि दुपारी वादळ. लोक एकमेकांचे क्षेमकुशल विचारीनासे झाले, विचारीत, "काल तुमचं काय उडालं?" मंडईत भाव करतानाही गिऱ्हाईक आणि विक्रेता दोघेही आकाशाकडेच पाहत. टांगेवाला चांदसाब रोज नवी बातमी आणी.

"मास्तर, मैंदर्गीला गोठा उडाला. म्हशीसकट!"

"आणि म्हैस?"

"वरनंच दूध देतीया की!"

माणसे हसत, आणि हसू अर्ध्यावर टाकून पुन्हा वर पाहत.

मी भवानी पेठेत पार्वतम्मांच्या माडीवर भाड्याने राहत होतो. शाळेला सुट्टी होती. पुस्तक उघडावे तर ओळी वाऱ्याने हलल्यासारख्या वाटत. खाली पार्वतम्मांचा एकुलता माग चार दिवस मुका होता. मागावर चढण्याआधी उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, खळ लावून ते भर रस्त्यात ताणून वाळवावे लागते. चार दिवस रस्ता कोरडा मिळाला नव्हता; खळीचे सूत कोपऱ्यात आंबू लागले होते. ते नासले तर सूत देणारा व्यापारी दुसरे देणार नव्हता. मग माग विकून, पन्नाशीत, गिरणी.

"भोंगा वाजला की पळायचं," त्या म्हणत. "माझ्या घरात वेळ मी सांगते, भोंगा न्हाय."

पाचव्या दिवशी ऊन पडले. त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरला. पांढऱ्या सुताची ती लांब, निश्चल नदी मी खिडकीतून पाहत राहिलो. माझे मन मात्र त्या निश्चलतेला बिलगत नव्हते.

दहाच्या सुमारास ऊन पिवळे झाले. धूळ उठली. कुठेतरी पत्रा कण्हला. पार्वतम्मांनी हाक मारली आणि भराभर दारे उघडली. मीही जिना उतरलो.

ताणा कापता येत नाही, ओढता येत नाही. सुतात ठिकठिकाणी खोवलेल्या काठ्या माणसे धरतात. एका टोकाला तो लाकडी रुळावर गुंडाळला जातो आणि बाकीचे, ताण न सोडता, रुळाकडे चालत येतात. शेवटच्या काठीचे एक टोक चांदसाबच्या हाती होते, दुसरे माझ्या.

"मास्तर, धावायचं न्हाय. अम्मा मोजतात तसं पाऊल."

रुळापाशी बसून पार्वतम्मा तेलुगूत एक, दोन, तीन मोजू लागल्या. ओकटी. रेंडू. मूडू. भोवती सारे शहर पळत होते: बैल, छत्र्या, धोतरे सावरणारी माणसे. आणि त्या पळापळीत वीस माणसे मिरवणुकीसारखी संथ चालत होती. ते संथपण मला सोसवेना. थेंब पडला. दुसरा माझ्या पापणीवर पडला, आणि मी धावलो.

ताणा माझ्या बाजूने सैल पडला. त्या सैलपणात वारा शिरला, सूत फुगले, गुरफटले, आणि तुटण्याचा तो बारीक, कोरडा आवाज मला वादळाहून मोठा ऐकू आला.

"रुको!" चांदसाब ओरडला. पार्वतम्मांचे मोजणे थांबले नाही.

ताणा ओसरीत पोचला. बराचसा वाचला होता. माझ्या बाजूचा पट्टा मात्र जळमटासारखा लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी गल्लीत एकच कथा होती. "काय वारा होता! अम्मांचा ताणा तोडला." चांदसाबनेही तीच सांगितली, माझ्याकडे न पाहता. दिवसभर मी माडीवर येरझाऱ्या घातल्या. संध्याकाळी खाली उतरलो. पार्वतम्मा दाराशी बसून तुटलेली टोके एकेक जुळवीत होत्या.

"वाऱ्यानं तोडला नाही," मी म्हणालो. "मी धावलो."

"ठाऊक हाय की. माझ्या हातात रूळ होता."

"मग काल का बोलला नाहीत?"

"मोजत होते न्हवं?" त्यांनी दोन टोके माझ्या बोटांत दिली. "बसा. अंगठ्यानं वळायचं. असं. हळू."

दूर पुन्हा गडगडले. माझे गुडघे उठू पाहत होते. मी वळत राहिलो.