उवा नसलेल्या डोक्यातली फणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फणी आहे. कंगवा नव्हे. कंगवा भांग पाडतो आणि आरशासमोर मिरवतो. मी दोन्ही बाजूंनी दाट दातांची; उवा आणि लिखा काढणं हे माझं काम. या कामाबद्दल कुणी कुणाचा सत्कार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

धर्मापुरीकडच्या एका कारागिराने मला शिसवी लाकडातून कापलं, एकेक दात कोरला आणि तेल चोळून बाजारात मांडलं. बायनाबाईंनी मला विकत घेतलं तेव्हा त्या नव्या सून होत्या. पुढची तीस वर्षं मी त्या घरातल्या प्रत्येक डोक्यातून फिरले. त्या सेवेत माझे नऊ दात गेले. बायनाबाईंचे त्याहून जास्त गेले, पण तो विषय आम्ही काढत नाही.

मग दुष्काळ पडला. विहिरीत सोडलेला पोहरा कोरडाच वर येऊ लागला. टँकर आला तर पाणी, त्यामुळे डोक्यावरून न्हाणं पंधरा दिवसांतून एकदा. बायनाबाईंचा मुलगा आश्रुबा आणि सून छबुबाई ऊस तोडायला निघाले. सोबत बायनाबाई, अकरा वर्षांची नात मनकर्णा आणि पत्र्याच्या पेटीत मी.

सहकारी साखर कारखान्याच्या मागे ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या होत्या. त्यांच्याजवळच कारखान्यातून एका नळाने वाफाळतं पाणी बाहेर पडायचं. दिवसभर, रात्रभर, फुकट. बायनाबाई पहिल्या दिवशी त्या नळासमोर देवळात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

"अगं मने, कढत पानी! आन् नुस्तं वाहून चाललंय!"

दुष्काळातल्या माणसाला वाहून जाणारं पाणी बघवत नाही. बायनाबाईंनी त्यावर उपाय काढला. मनकर्णाला रोज डोक्यावरून न्हाऊ घालायचं. ऐन पौषात, अंगाला चटका बसेल अशा पाण्याने आणि कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाने. तेलाचं मात्र कुणी नावही काढलं नाही.

दहा दिवसांत मनकर्णा म्हणाली, "आजे, डोकं लई खाजतंय."

"उवा झाल्यात," बायनाबाईंनी निकाल दिला आणि मला पेटीतून काढलं.

मी गेले, डोकं पालथं घातलं. एकही ऊ नव्हती. होता तो कोंडा, भाकरीच्या पिठासारखा. "ह्या बघ लिखा!" बायनाबाई म्हणाल्या. मित्रांनो, लीख केसाला घट्ट चिकटून बसते. कोंडा फुंकर मारली की उडतो. हे मला ठाऊक होतं, पण फणीचं मत विचारतो कोण?

मग उपचार वाढले. पाणी आणखी कढत, साबण आणखी दोन हात, आणि मी सकाळ-संध्याकाळ. जितकं खाजे तितकं मला जोराने ओढत, आणि जितकं मला ओढत तितकं जास्त खाजे. माझ्या दातांनी त्या पोरीच्या डोक्यावर ओरखडे उठले. शेजारच्या बायका आपल्या पोरींना तिच्याजवळ बसू देईनात. शेवटी बायनाबाईंनी जाहीर केलं की बाजारच्या दिवशी मुंडण करायचं.

मनकर्णाची वेणी कमरेच्या खाली जायची. छबुबाई तोडीवरून थकून आली तरी ती वेणी स्वतः घालायची. मनकर्णा पाचटात तोंड खुपसून रडली. "टकली होऊन मी गावाकडं कशी जाऊ?" मला दात होते तितक्या जिभा असत्या, तर सगळ्यांनी त्या क्षणी खरं सांगितलं असतं. पण जीभ नव्हती.

बाजारच्या दिवशी सिदू न्हावी आला. त्याने धोपटी उघडली, वस्तरा काढला आणि आधी केस बाजूला करून पाहिलं.

"मावशी, उवा कुठं हायेत?"

"डोळे फुटले का तुझे? ह्या पांढऱ्या काय?"

सिदूने फुंकर मारली. कोंडा उडून बायनाबाईंच्या लुगड्यावर बसला.

"लिखांना पंख फुटले बघा मावशी. डोकं कशानं धुता?"

"कढत पान्यानं. रोज. फुकटच हाय."

"फुकट हाय म्हनून पोरगी उकडून काढली? शेंगा हायेत का ह्या?" सिदूने वस्तरा मिटला. "म्या न्हाई हात लावनार."

"मग करावं काय, सिदूभाऊ?" आश्रुबाने विचारलं.

"कोमट पानी, आठवड्यातून दोनदा. त्याच्या आदी करडीचं तेल जरासं गरम करून बोटांच्या पेरांनी जिरवा, नखानं न्हाई. साबन कापडाला ठिवा, डोक्याला शिकेकाई. गार वाऱ्यात डोक्याला फडकं बांदा. आन् ही फणी आत टाका. पू धरला नायतर केस झडाय लागले तर दवाखाना गाठा."

"आन् पंधरा दिसांत उतार न्हाई पडला तर?" बायनाबाई म्हणाल्या.

"तर म्या स्वतः भादरतो, फुकट."

'फुकट' शब्द ऐकताच बायनाबाईंनी मला उचलून पेटीत टाकलं.

ते पंधरा दिवस मी पेटीत पडून होते आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामपण गोड लागलं. मनकर्णाची खाज गेली, ओरखडे भरले. सिदूने येऊन डोकं पाहिलं, धोपटी न उघडताच चहा घेतला आणि गेला.

आता बायनाबाईंचं ऐका. त्या कोपी-कोपीत सांगत फिरल्या, "आमच्या फणीचा गुण! मुळासकट काढल्या!" तीस वर्षांत माझी पहिली जाहीर स्तुती झाली, तीही मी न केलेल्या कामाबद्दल. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या कोपीतल्या विमलबाई आपली खाजवणारी पोर घेऊन फणी मागायला हजर. बायनाबाईंनी मला तलवारीसारखं उपसलं.

मनकर्णाने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"थांब आजे. आदी बघू दे."

तिने त्या पोरीला उन्हात बसवलं, केस बाजूला केले आणि फुंकर मारली. कोंडा उडाला.

"काकू, तुमी बी त्याच नळावर न्हाऊ घालता का?"

विमलबाई चमकल्या. "तुला कसं कळलं?"

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. हिवाळ्यात डोकं खाजलं, तर मला शोधण्याआधी तेलाची बाटली शोधा, पाणी कोमट करा आणि उजेडात बसून केस बाजूला करून पाहा. ऊ दिसली तर खुशाल हाक मारा. मी अजून कामाची आहे. नाही दिसली तर कृपा करून मला पेटीतच झोपू द्या.