पांढरीची रेघ

“कायबी इचारलं तर पावसानं न्हेलं म्हनायचं,” मल्लव्वा खड्ड्यालगतच्या आपल्या कुडावरून डोकं काढून तिसऱ्यांदा म्हणाली. “पाटलांनी चावडीत समद्यास्नी बजावलंय. बुरूज कुटं गेला? पावसानं न्हेला. तट कुटं गेला? पावसानं न्हेला.”

“आन् पावसानं कुटं न्हेला म्हनून इचारलं तर?” मुक्ताबाईनं हातातली मातीची चाळणी थांबवली नाही.

“तर पोरीला चिमटा काढ. पोर रडाय लागल्यावर कोन इचारतंय?”

मुक्ताबाईला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. तिची नजर गढीच्या वाटेवर होती. सकाळपासून तिथं एक टोपीवाला माणूस सायकल बाभळीला टेकवून हिंडत होता. कधी उकिडवा बसे, कधी हातातला कागद फिरवून बघे. गेल्या साली सोलापुरात लष्कराचा अंमल बसल्यापासून कागद घेऊन आलेल्या माणसाचं कुणी चांगलं बोलत नव्हतं. तेव्हाही एक असाच आला होता, गोड बोलणारा. गिरणीत कामाला कोण कोण जातं, एवढंच विचारून गेला. चौथ्या दिवशी खालच्या आळीतली दोन माणसं धरून नेली. मुक्ताबाईचा नवरा सिद्धनाथ गिरणीतच होता, आठवड्याच्या सुट्टीला तेवढा घरी यायचा.

कुंभारीच्या पुढं तीन कोसांवरचं हे गाव. गढीला म्हणे कधीकाळी पाच बुरूज होते. आता दोन उरले होते, तेही कडा झडलेले. गढीची माती पांढरी, लोण्यासारखी चिकट. माळवदावर तिचा थर दिला की घर गळत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. दरवर्षी वैशाखात घरोघरच्या बाया पाट्या घेऊन गढीवर जात. आजेसासूच्या आजेसासूपासून हेच चालत आलेलं. त्यात चोरी असते, हे काल चावडीतून निरोप आला तेव्हा गावाला कळलं.

मुक्ताबाईला यंदा माती हवीच होती. गेल्या भादव्यात वच्छला झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत चार ठिकाणी धार लागली होती. सासू उशाशी बसून दोन दिवस पोरीच्या अंगावर सूप धरून होती. हात भरून आला की हात बदलायची, सूप खाली ठेवायची नाही. “पुढल्या साली चार बोटं थर देते बघ,” म्हणाली होती. पुढलं साल तिनं पाहिलं नाही, पौषातच गेली. म्हणून मुक्ताबाई एकटीच खणत होती. काखेत पोर, डोक्यावर पाटी, अशा तेरा दिवसांत तिच्या चौऱ्याण्णव खेपा झाल्या होत्या.

टोपीवाला शेवटी तिच्याच खड्ड्यापाशी आला. मागं पाटलांचा माणूस गुरप्पा.

“बाई, मी गलगली. सोलापूरहून आलोय. जुन्या गढ्यांची पाहणी करतो,” तो म्हणाला. चाळिशीचा, कोटाची कोपरं झिजलेली, पायांवर धूळ. “इथं तिसरा बुरूज होता. तो कुठं गेला?”

“पावसानं न्हेला.”

गलगलीनं खड्ड्यात बघितलं. खड्ड्यात कुदळ होती. “आणि पाऊस कुदळ विसरून गेला?”

गुरप्पा लगबगीनं पुढं झाला. “ही येकटीच खनती, सायेब. गावात दुसरं कोन हात लावत न्हाय. आमी लई सांगितलं हिला.”

मुक्ताबाईच्या कानशिलात ऊन चढलं. “गुरप्पाभावजी, मग तुमचं माळवद काय ढगातनं पडलं व्हय?”

गलगली खोकला. तो खोकला होता की हसू, ते तिला कळेना. त्यानं कापडी टेपाचं एक टोक गुरप्पाच्या हातात दिलं आणि त्याला पार मारुतीच्या देवळापाशी जाऊन उभं राहायला सांगितलं. गुरप्पा मागं वळून बघत गेला.

“ही माझी चौदावी गढी,” गलगली म्हणाला. “चौदाही गावांत पावसानं नेली. एवढा पाऊस या मुलखात पडत असता तर लोकांनी भात लावला असता.”

तिनं पुन्हा माती चाळायला घेतली. गोड बोलणारा माणूस जास्त वाईट, हे ती आता शिकली होती.

“कोणी नेली ते मी विचारत नाही. कुठं होती एवढंच विचारतो.”

“आमाला काय ठावं न्हाय, सायेब. आमी अडानी मान्सं.”

त्यानं मान हलवली आणि कागद उघडला. जुना, घड्यांवर फाटलेला. त्यावर पाच गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. तो स्वतःशी पुटपुटत चिंचेकडं निघाला, तिथून मल्लव्वाच्या वावरात शिरला आणि पावलं मोजू लागला. वळून हाक मारली, “पश्चिमेचा तट इथून गेला असणार. बरोबर?”

मुक्ताबाईनं ओठ घट्ट मिटले. त्या वावरात सारी काळी माती होती. हात-दोन हात खणा, काळीच. तिथं तट कसा असेल? माणूस शिकलेला, कोटातला, आणि पायाखालची माती बघत नव्हता. तो आणखी वीस पावलं चुकीचा गेला. कागदावर पेन्सिल टेकवली.

“तितं न्हाय.”

शब्द सुटून गेले. मल्लव्वानं कुडामागं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

“मग कुठं?”

आता मागं फिरायला वाट नव्हती. मुक्ताबाईनं पोरीला काखेत वर सरकवलं. खाली वाकून चिमूटभर माती उचलली, जिभेला लावली. “ही बगा, चिकटत न्हाय. तटाची असंल तर जिभंला धरती.” आणि ती चालू लागली.

तिला सासूनं असंच चालवलं होतं, लग्नाच्या पहिल्या साली. वर काही दिसत नाही, खाली पांढरी कुठं कुठं जाते ते पायाला कळलं पाहिजे. ती चिंचेच्या अलीकडून वळली, तिप्पण्णाच्या बांधावरून गेली, करडईचं पीक जिथं दरवर्षी आखूड राहतं त्या पट्ट्यातून सरळ ओढ्यापर्यंत. “हितं तट लई जाड हुता. हितं दोन पुरुष खोल खनलं तरी पांढरीच. हितनं आत वळला. हितं दिंडी आसंल, जायायचा बारका दरवाजा, हितं मधीच काळी लागती.” वच्छला तिच्या खांद्यावरून मागं बघत होती. मागं गलगली वाकून चालत होता, जिथं ती म्हणे तिथं दगड ठेवत होता.

प्रत्येक पावलाला तिला वाटत होतं, आपणच आपली चोरी दाखवतोय. एवढी माहिती खणल्याशिवाय कुणाला असते?

ओढ्याशी ती थांबली. मागं वळून बघितलं तर दगडांची ओळ वावरातून, बांधावरून वळत आली होती. लग्नापासून जिथून माती नेली तिथं भिंत होती, हे तिनं आज पहिल्यांदा बघितलं. गलगलीही बघत उभा राहिला. त्यानं टोपी काढली, घाम पुसला, कागदावर बराच वेळ लिहिलं.

“नाव काय तुमचं?”

झालं. शेवटी नावावरच आला. नवरा गिरणीत, पोर अंगावर, माळवद अर्धं उघडं. मग तिला सुचलं. मेलेल्या माणसाला कोण धरून नेणार?

“सारजाबाई,” ती म्हणाली.

सासूचं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढलं. सुनेनं ते घ्यायचं नसतं.

तेवढ्यात टेप गुंडाळत गुरप्पा आला. “झालं काय, सायेब? काय लिवलं? गावाचं नाव न्हाय ना वाईट केलं?”

“सायेब,” मुक्ताबाई म्हणाली, “माती आता न्यायची का न्हाय?”

“वरचे काय ठरवतील ते मला सांगता येणार नाही, बाई. मला फक्त लिहायला सांगितलंय. पायाचे दगड लागले तर तेवढे हलवू नका.” त्याच्या बोलण्यात खोट दिसेना, म्हणूनच तिचा विश्वास बसेना.

“काय लिवलंय ते वाचा की.”

गलगलीनं कागद डोळ्यांशी धरला. “‘पश्चिम तट आज जमिनीवर दिसत नाही. त्याची पूर्ण रेषा, जाडी आणि दिंडीची जागा गावातील सारजाबाई यांनी स्वतः चालून दाखविली. त्यांच्याइतकी या गढीची माहिती पाहणीत कोणाकडेही आढळली नाही.’”

गुरप्पाचं तोंड उघडलं. त्यानं मुक्ताबाईकडं बघितलं, मग कागदाकडं. सारजाबाई पौषातच गेली हे त्याला ठाऊक होतं; तरी तोंड मिटून त्यानं टेपाची गुंडाळी गलगलीच्या हातात दिली.

“बाकी काय न्हाय त्यात?” मुक्ताबाईनं विचारलं.

“एवढंच.”

खरं नाव सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पोरीनं तिचा कान धरला होता, तो तिनं हळूच सोडवला.

“आनिक येकदा वाचा,” ती म्हणाली.

गलगलीनं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. नाव आलं तेव्हा मुक्ताबाईनं, सासूपुढं घेई तसा, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला आणि वाचून होईस्तोवर मान खाली घालून उभी राहिली.